पंचगंगेवरील शिवाजी पूल, ब्रह्मपुरीची टेकडी आणि कायद्यांतील एक ओळ

कोल्हापुराहून पन्हाळ्यास, मलकापुरास व पुढें आंबा घाटानें रत्नागिरीस जाणाऱ्या प्रवाशास शहराबाहेर पडतांच पंचगंगा ओलांडावी लागते. ती ओलांडण्यासाठीं शहरास जो दगडी पूल मिळाला त्याचें काम इ. स. १८७४ मध्यें सुरू होऊन १८७८ मध्यें पुरें झालें. आणि त्याचा भार हलका करणारा दुसरा पूल त्याच्या शेजारीं वाहतुकीस खुला झाला तो २०१९ च्या जून महिन्यांत. पहिला पूल चार वर्षांत उभा राहिला. दुसरा त्याहून अधिक काळ रेंगाळला, आणि त्यास दगड, सिमेंट किंवा पैसा यांपैकीं कशाचीही उणीव कारण झाली नाहीं; एका कायद्याच्या एका पोटकलमानें तो अडविला होता. ही हकीकत आज थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. जुनी टेकडी, जुना घाट किंवा जुना कोट नाहीं असें शहर महाराष्ट्रांत शोधूनच काढावें लागेल, आणि जें कोल्हापुरांत घडलें तें अशा कोणत्याही शहरांत उद्यां घडण्यासारखें आहे.

जुन्या पुलाचा काळ आधीं ध्यानांत घेतला पाहिजे. कोल्हापूरचे छत्रपति दुसरे राजाराम महाराज विलायतेहून परततांना १८७० च्या नोव्हेंबर अखेरीस इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं वारले, व अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचें दहन झालें. (वाचकांस नवल वाटेल, पण त्या संगमाजवळ अर्नो नदीवर १९७८ मध्यें जो नवा पूल झाला तो तेथें 'हिंदी माणसाचा पूल' अशाच अर्थाच्या नांवानें ओळखला जातो. ज्या राजाच्या पश्चात् कोल्हापूरचा पूल बांधला गेला त्याच राजाच्या आठवणीचा एक पूल बरोबर शंभर वर्षांनीं परदेशांत झाला.) त्यांच्या मागून दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वयानें अगदीं लहान होते व संस्थानचा कारभार पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखालीं चालला होता. टाऊन हॉलची इमारत १८७२ ते १८७६ या वर्षांत झाली ती याच अमदानींत, आणि पंचगंगेवरील पूलही याच अमदानींतला. असे पूल 'इंग्रजांनीं बांधले' असें म्हणण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. देखरेख साहेबाची असेल. पण काळा पत्थर येथल्याच डोंगरांतला, आणि तो फोडणारे, घडविणारे, पाण्यांत उतरून पाये भरणारे हात येथल्याच पाथरवटांचे व बिगाऱ्यांचे, एवढें तरी आपण विसरूं नये.

कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ मध्यें. म्हणजे पूल झाला तेव्हां तिचा पत्ता नव्हता. घाटाखालच्या बंदरांकडे माल नेण्याच्या ज्या थोड्या वाटा होत्या त्यांपैकीं ही एक, आणि ती पावसाळ्याचे चार महिने नदीच्या मर्जीवर चाले. पंचगंगा ही कांहीं लहानसहान नदी नव्हे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त समजली जाणारी सरस्वती अशा पांच नद्यांचें पाणी प्रयाग चिखलीच्या संगमावर घेऊन ती शहराच्या अंगावर येते, आणि या नद्यांचा उगम सह्याद्रीच्या ऐन पावसाच्या पट्ट्यांत आहे. आषाढ-श्रावणांत नावेवर भरंवसा ठेवून गुळाच्या ढेपा वा तांदळाचीं पोतीं पार करणें म्हणजे काय, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. पूल झाला आणि व्यापाराचा हंगाम चार महिन्यांनीं वाढला, असें म्हटलें तर तें फारसें वावगें होणार नाहीं.

दगडी कमानीच्या पुलाची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण नव्या पुलाची गरज तींतूनच निघते. दगड दाबास कणखर पण ताणास दुबळा. कमानींत प्रत्येक दगड शेजारच्या दगडास रेटतो, माथ्यावरचें ओझें दोन्ही बाजूंनीं खालीं उतरत जाऊन खांबांवर येतें व खांबांतून जमिनींत जातें. कोठेंही ताण पडत नाहीं. कमान बांधतांना प्रथम लाकडाचा अर्धगोल सांचा उभा करावयाचा, त्यावर दोन्हीकडून घडीव दगड चुन्यांत बसवीत यावयाचें, आणि माथ्याचा शेवटचा दगड बसून चुना धरला म्हणजे सांचा सोडवावयाचा. घाणींत मळलेला चुना सावकाश कठीण होतो व वर्षानुवर्षें कठीण होत जातो. त्यामुळें असा पूल शतकभर उभा राहिला तर त्यांत नवल नाहीं. पाया शाबूत असेल तर तो आपल्याच वजनानें घट्ट राहतो.

परंतु या गुणांबरोबर दोन अवगुणही येतात. एक असा कीं, कमानीचा पूल रुंद करणें फार कठीण. बैलगाड्यांच्या हिशेबानें जेवढा रस्ता त्यावर राखला तेवढाच कायम राहतो, मग त्यावर बैलगाडी जावो कीं उसानें लादलेला ट्रक जावो. दुसरा अवगुण अधिक वाईट, कारण तो डोळ्यांस दिसत नाहीं. पुराचें पाणी खांबास आदळून भोवऱ्यासारखें फिरतें व खांबाच्या बुडाशीं तळाची माती-वाळू उपसून नेतें. पूर ओसरतांना त्याच खड्ड्यांत गाळ येऊन बसतो. उन्हाळ्यांत पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यास तळ सपाट दिसतो, आणि तो 'पूल सुस्थितींत आहे' असा शेरा मारून जातो. महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. त्याच वर्षीं पावसाळ्यापूर्वीं त्या पुलाची पाहणी होऊन तो धोकादायक नाहीं असें ठरलें होतें. महाडचा पूल अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. कोल्हापूरचा त्याहून पन्नास वर्षांनीं वडील. त्या ऑगस्टांत कोल्हापुरांतील माणसें आपल्या पुलाकडे कोणत्या नजरेनें पाहत असतील, याची कल्पना करतां येते.

आणि त्या वेळीं शेजारींच दुसरा पूल अर्धवट उभा होता! पर्यायी पुलाची निकड ओळखून त्याचें काम महाडच्या आधींच हातीं घेण्यांत आलें होतें. पाण्यांतले खांब उभे राहिले, बहुतेक काम उरकलें, आणि २०१५ च्या अखेरीस तें थांबलें. कारण पुलाचें शहराकडील टोंक ज्या टेकडीच्या पायथ्याशीं येतें ती ब्रह्मपुरीची टेकडी होय.

या टेकडीची योग्यता ज्यांस ठाऊक नाहीं त्यांस ती मातीचा एक उंचवटा वाटेल. १९४४-४५ च्या सुमारास तेथें जुन्या वस्तूंचा मोठा सांठा हातीं लागला, प्रा. कुंदणगार यांनीं त्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, आणि १९४५-४६ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. वरच्या थरांत बहामनी काळची वस्ती, आणि तिच्याखालीं सातवाहन काळची विटांचीं घरें असलेली पेठ. सांपडलेल्या वस्तूंत काशाची गजारूढ मूर्ति आहे, आणि तिच्यासोबत यवनांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, एक लहान मूर्ति व रोमन घडणीचीं भांडीं आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं या नदीकांठच्या उदम्यांचा माल घाट उतरून बंदरास लागत होता आणि समुद्रापलीकडचा माल घाट चढून येथवर येत होता. ज्या वाटेसाठीं १८७८ चा पूल झाला, बहुधा तिच्याच कोणा पूर्वज वाटेनें हा समुद्रदेव कोल्हापुरास आला असेल. टाऊन हॉलमधील संग्रहालयांत तो अवश्य पाहावा. अशी टेकडी राखलीच पाहिजे. तिच्यावर कोणी फावडें चालवूं लागला तर त्याचा हात धरण्यांत आम्ही सर्वांच्या पुढें असूं.

आतां कायद्याकडे वळूं. प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला देशव्यापी कायदा कर्झनसाहेबांच्या कारकीर्दींत १९०४ मध्यें झाला. स्वराज्यांत १९५८ मध्यें नवा कायदा आला. १९९२ च्या अधिसूचनेनें संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर क्षेत्र निषिद्ध व त्यापलीकडील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित ठरलें. पुढें निषिद्ध क्षेत्रांतही समितीच्या शिफारशीनें परवानग्या दिल्या जाऊं लागल्या. ज्यांचे हात लांब त्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि २००९ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें ही सारी पद्धति कायद्यास धरून नाहीं असा निर्णय दिला. त्यावर उतारा म्हणून २०१० मध्यें संसदेनें कायदा दुरुस्त केला. दुरुस्तीच्या '२० अ' कलमाचें चौथें पोटकलम सांगतें कीं, निषिद्ध क्षेत्रांत यापुढें कोणतीही परवानगी द्यावयाची नाहीं, आणि यांत सार्वजनिक काम वा लोकांस अत्यावश्यक असलेली योजना हींही आलीं. जुन्या बांधकामाची डागडुजी चालेल, नवें कांहीं चालणार नाहीं. मोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, आणि अशा गोष्टीस संमति देणारा केंद्र सरकारचा अधिकारी असेल तर त्यास तीन वर्षांपर्यंत कैद. अशा स्थितींत कोणता अधिकारी कोल्हापूरच्या पुलाच्या कागदावर सही करील? आम्ही त्या खुर्चीवर असतों तर आम्हीही केली नसती.

कायदा करणारांचा राग आम्हांस समजतो. ज्यांनीं परवानग्यांचा बाजार मांडला त्यांच्यामुळें दार घट्ट लावावें लागलें. पण दार लावतांना संसदेनें कडी आंतून लावली कीं बाहेरून, याचा विचार झालेला दिसत नाहीं. बंगल्याचा मजला चढविणारा धनिक आणि दीड शतकाच्या पुलास जोड देणारें सरकार या दोघांस एकाच ओळींत बसविलें, व दोघांत भेद करण्याचा अधिकार साऱ्या देशांत कोणासही ठेवला नाहीं. न्यायाधीशास भेद करतां येतो म्हणून तर न्यायालयांस अर्थ आहे. ज्या नियमास अपवाद ठरविणारा कोणी नाहीं, तो मोडून काढण्याच्या वाटा लोक शोधूं लागतात.

तथापि सगळा दोष संसदेवर लोटून मोकळें होणें बरोबर नाहीं. हें कलम २०१० चें. पर्यायी पुलाचें काम त्यानंतर सुरू झालें. टेकडी कांहीं रातोरात उगवली नव्हती. तिचें संरक्षण सरकारदप्तरीं नोंदलेलें होतें, आणि साखळी घेऊन मोजणाऱ्या कोणाही ओव्हरसियरास शंभर मीटरची रेषा कोठें पडते तें एका दुपारीं सांगतां आलें असतें. नदींतला पहिला खांब घालण्यापूर्वीं हा प्रश्न सुटलेला नव्हता, हें काम थांबलें यावरूनच सिद्ध आहे. आधीं खांब, मग कागद, अशी आपल्या सार्वजनिक कामांची रीतच होऊन बसली आहे. खासगी मनुष्यानें असें घर बांधलें असतें तर त्यास आपण मूर्ख म्हटलें असतें. सरकारी खात्यानें केलें म्हणजे त्यास 'तांत्रिक अडचण' म्हणतात.

काम थांबल्यावर तिसरें वर्ष लागलें. २६ जानेवारी २०१८ च्या रात्रीं गणपतिपुळ्याहून परतणारी एक मिनी बस जुन्या पुलाचा कठडा फोडून नदींत कोसळली व १३ माणसें मेलीं. त्यांत लहान मुलेंही होतीं. नवा रुंद पूल चालू असता तर ही गाडी पडलीच नसती, असें छातीठोकपणें कोणी म्हणूं शकणार नाहीं, आणि आम्हीही म्हणत नाहीं. पण ज्या अरुंद पुलास बदली हवी हें सरकारनें स्वतः मान्य केलें होतें, त्याच पुलावरून ती जात होती, आणि बदली शेजारीं अपुरी उभी होती. या दोन गोष्टी मेलेल्यांच्या आप्तांस कोणत्या शब्दांत समजावून सांगाव्या?

इकडे दिल्लींत कायदा सैल करण्याचा यत्न चालूच होता. दुरुस्तीचें विधेयक जुलै २०१७ मध्यें लोकसभेंत आलें व २ जानेवारी २०१८ रोजीं तेथें मंजूर झालें. म्हणजे अपघात झाला तेव्हां तें अर्ध्या वाटेवर होतें. केंद्र सरकारच्या खात्यानें स्वखर्चानें करावयाचीं, लोकांच्या सुरक्षिततेस आवश्यक अशीं कामें निषिद्ध क्षेत्रांत करतां यावीं, असा त्याचा आशय. राज्यसभेंत त्यास विरोध झाला व तें प्रवर समितीकडे गेलें. विरोध करणारांची भीति अशी कीं एकदां हें दार उघडलें म्हणजे प्रत्येक उड्डाणपूल व हमरस्ता 'आवश्यक' ठरून स्मारकांच्या छाताडावर येऊन बसेल. ही भीति पोकळ होती असें आम्हांस वाटत नाहीं. आमचा आक्षेप उलट बाजूनेंही आहे: नगरपालिकेची पाण्याची नळयोजना किंवा राज्य सरकारचा लहान पूल यांस त्या विधेयकांत जागाच नव्हती. म्हणजे गरज कामाची पाहावयाची कीं काम करणाराच्या दर्जाची? असो. मे २०१९ मध्यें लोकसभा विसर्जित झाली आणि घटनेच्या १०७ व्या कलमाप्रमाणें विधेयक निकालांत निघालें.

आणि पूल? त्यानें विधेयकाची वाट पाहिली नाहीं. लोकांच्या रेट्यापुढें आपत्ति व्यवस्थापनाच्या २००५ सालच्या कायद्याचा आधार घेऊन उरलेलें काम उरकण्यांत आलें, व विधेयक मेल्यानंतर महिना लोटण्याच्या सुमारास नव्या पुलावरून गाड्या धांवूं लागल्या. त्याच ऑगस्टांत पंचगंगेस महापूर आला. राजाराम बंधाऱ्याशीं ४३ फूट ही धोक्याची खूण. पाणी ५५ फुटांच्याही वर गेलें.

काम झालें याचा आम्हांस आनंद आहे. पण वकिलीच्या दृष्टीनें पाहतां ही वाट आम्हांस रुचत नाहीं. आपत्तीचा कायदा पूर, भूकंप, वणवा यांसाठीं आहे. त्यांतले अधिकार घाईचे असतात व घाईंत कोणी कारणें लिहीत बसत नाहीं. एका कायद्यानें बंद केलेलें दार दुसऱ्या कायद्याच्या खिडकींतून ओलांडण्याची चटक एकदां लागली म्हणजे पुढचा येणारा पूलच घेऊन येईल असें नाहीं. आमच्या मतें सरळ मार्ग असा कीं, '२० अ' कलमांतच अपवादाची जागा असावी, पण ती अशा अटींवर: काम लोकांच्या जीविताच्या रक्षणासाठीं असल्याचें सिद्ध व्हावें, दुसरी जागा कां चालत नाहीं हें लेखी मांडावें, आक्षेप उघड ऐकावे, आणि निर्णय ठराविक मुदतींत कारणांसह छापून प्रसिद्ध व्हावा. शिवाय पायाचे खड्डे खणणें भाग असेल तर ते प्रथम पुरातत्त्वज्ञांच्या हातून खणवावे. ब्रह्मपुरीच्या पायथ्याशीं तसें झालें असतें तर सातवाहनांच्या पेठेची आणखी चार दालनें कदाचित् उजेडांत आलीं असतीं, आणि टेकडी व पूल या दोघांचे कैवारी एकमेकांचे वैरी ठरले नसते.

आतां उरला प्रश्न पुलापलीकडचा. पूल कितीही उंच बांधला तरी मोठ्या पुरांत रत्नागिरीचा रस्ता केर्लीजवळ पाण्याखालीं जातो आणि वाहतूक पुलासकट बंद पडते. चिखली व आंबेवाडी या गांवांस पुराचा वेढा पडतो. २०१९ मध्यें तेथील माणसें नावांतून काढावीं लागलीं. यावर रस्ता मातीच्या भरावानें उंच करावा, हा सर्वांत स्वस्त व म्हणून सर्वांस सुचणारा उपाय. पण नदीच्या पसरण्याच्या जागेंत घातलेला भराव म्हणजे बांधच होय. अडलेलें पाणी कोठें तरी चढणारच, आणि तें आधीं या दोन गांवांत व मग शहराच्या सखल पेठांत चढेल. भरावाऐवजीं खांबांवरचा रस्ता किंवा भरावांत पुरेशा रुंदीच्या मोऱ्या, यांचा हिशेब २०१९ ची पाणीपातळी धरून करावा लागेल. तो केला असेल तर त्याचा नकाशा व आंकडे चिखली आणि आंबेवाडी येथील ग्रामपंचायतींच्या भिंतीवर मराठींत लावावे, आणि आक्षेपांस एक महिन्याची मुदत द्यावी. मातीची पहिली गाडी ओतण्यापूर्वीं हें व्हावें, एवढीच आमची बांधकाम खात्याकडे मागणी आहे.